फुटक्या भांड्याविरुद्ध चार पानी तक्रार

२० ऑगस्ट, गुरुवार. दुपारी २.१०
पुन्हा सुरू. तळपायाची आग मस्तकात. तीन आठवडे सहन केलं, आता नाही. आजपासून ही वही. सगळं लिहून ठेवणार, तारीखवार, वेळेसकट. लीड्सच्या बस खात्यात एकतीस वर्षं वेळापत्रकं केली आहेत मी. नोंद कशी ठेवतात ते या गल्लीला दाखवतो.

मुद्दा साधा आहे. मी दुपारी दोन ते चार झोपतो. शेजारच्या मानांग क्रेसिंगच्या दुकानात दोन ते चार व्हिडिओके चालतं. मानांग म्हणजे ताई. मी कुणाला ताईबिई म्हणणारा नव्हे, पण बायकोच्या देशात अकरा वर्षं राहून जीभ बिघडली. मशीनमध्ये नाणं टाकायचं, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, माइक घ्यायचा आणि शेजाऱ्याचा जीव घ्यायचा. वर शेवटी मशीन मार्क देतं. हे मशीन गल्लीला फुकट दिलं कॅप्टननी, म्हणजे आमच्या बरांगायच्या, वॉर्डच्या, प्रमुखांनी. नोव्हेंबरात निवडणूक आहे. मशीनवर त्यांचा हसरा फोटो. तोंड माझ्या खिडकीकडे.

मिंडा तेवढी सुटली. माझी बायको, लुझविमिंडा. रोज पावणेदोनला चर्चमध्ये नोव्हेनाला जाते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तीन आठवडे झाले, चालूच आहे. या देशात कुठलीच गोष्ट वेळेत संपत नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार. ४.०५
पहिली पूर्ण नोंद. गाणारे चार. बैल: ट्रायसिकल, म्हणजे इथली तीनचाकी रिक्षा, चालवणारा बोयेत. दोन बहिणी: एक सूर धरते, दुसरी सोडते. चौथी बाई कोण ते दिसत नाही, खांब मध्ये येतो. हिला नाव दिलं आहे फुटकं भांडं. रोज एकच गाणं, २.१०, २.१७ आणि २.२५ ला. धक्क्यावर उभी राहून बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं. तिसऱ्या ओळीत आवाज वर जातो आणि तिथेच फुटतो. रोज तिथेच. ती बोट बुडावी अशी माझी इच्छा आहे.

मिंडा गात नाही हे माझं नशीब. पंचवीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या वर्षी, स्वयंपाकघरात गायची. बातम्या ऐकू येईनात म्हणून मी एकदाच सांगितलं. शहाणी बाई, परत कधी गायली नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार
बरांगाय ऑफिसात तक्रार दिली. चार पानं, टाइप केलेली, शेवटी तक्ता. सेक्रेटरी जोव्हेलिन सगळं वाचताना ‘हो सर, हो सर’ करत होती. चौथ्या पानावर थांबली. मग मला पुतो, तांदळाचे वाफवलेले गोड केक, खायला दिले आणि विचारलं की हे पान ठेवायचंच का. म्हटलं, तेच तर मुख्य पान आहे. सुनावणी पुढच्या सोमवारी.

घरी मिंडाला सांगितलं. ती म्हणाली, सगळेच इतके वाईट गातात का? मी म्हटलं, बाकीचे चालवून घेईन, पण ती चौथी असह्य आहे. ती स्वयंपाकघरात गेली. आलं ठेचून काढा केला. हल्ली रोज पिते, घसा बसलाय म्हणते. चर्चमध्ये धूळ फार.

एक गोष्ट नमूद करतो. अख्ख्या गल्लीत एकटी मिंडा माझ्या बाजूने आहे.

३१ ऑगस्ट, सोमवार
साडेआठला ऑफिसात हजर. कुलूप. आज राष्ट्रीय सुट्टी. हे मला माहीत होतंच, वेळेची तालीम म्हणून गेलो होतो.

१ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६.००
बोयेतच्या ट्रायसिकलवर नाताळची गाणी. सप्टेंबरात! वर मला म्हणतो, मेरी ख्रिसमस, सर. चार महिने आधी!  तक्रारीला पुरवणी जोडावी का, विचार चालू.

७ सप्टेंबर, सोमवार
सुनावणी रद्द. कॅप्टन बास्केटबॉलच्या कोर्टाचं उद्घाटन करायला गेले. कोर्ट जुनंच आहे, नवीन आहे तो फक्त त्यांच्या नावाचा बोर्ड. तांदळाचा भाव कुठे गेलाय, वीज दिवसाआड जाते, आणि हे रिबिनी कापत फिरतात. मला मताचा हक्क नाही म्हणून वाचले.

१४ सप्टेंबर, सोमवार
सुनावणी रद्द. वादळाचा इशारा, सगळी ऑफिसं बंद. झाडाचं पान हललं नाही. वीज मात्र गेली. मशीन बंद! दोन ते चार गाढ झोपलो. मिंडा घरीच होती, खिडकीत बसून वांगी चिरत होती. चेहरा एवढासा. मी म्हटलं, बघ, शांतता कशी असते. म्हणाली, हो, बघते आहे.

१७ सप्टेंबर, गुरुवार
मोठी बातमी. मिंडाने सांगितलं की २८ तारखेची संध्याकाळ मोकळी ठेवा. सान मिगेलच्या जत्रेच्या आदल्या दिवशीचा कार्यक्रम आहे, पहिल्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची ठेवली आहे. का, ते सांगेना. नुसती लाजली.

मी काय खुळा आहे? अकरा वर्षं इथे राहणारा, वेळ पाळणारा एकमेव माणूस. सत्कार आहे. तक्रारीमुळे कॅप्टन घाबरले असणार. भाषण लिहायला घेतलं आहे, विषय वक्तशीरपणा, वेळ अठरा मिनिटं. मिंडा स्वतःसाठी निळा झगा शिवते आहे. माझ्या सत्काराला निळा शोभेल.

संकल्प: २८ पर्यंत चिडायचं नाही.

१८ सप्टेंबर, शुक्रवार. ४.००
फुटक्या भांड्याने आज सहा वेळा गायलं. सहा! संकल्प २८ नंतर.

२१ सप्टेंबर, सोमवार
अखेर झाली. नऊची सुनावणी, दहा चाळीसला सुरू. इथे वकील चालत नाही. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून बोलायचं, ज्येष्ठ मंडळी ऐकणार, असाच कायदा आहे. कोर्टात जायचं तरी आधी हे करावंच लागतं. अख्खी गल्ली आली होती, डबे घेऊन. मानांग क्रेसिंगने मलाही भात वाढला. मी खाल्ला, पण मैत्रीने नाही.

ज्येष्ठ म्हणाले, इंग्रजी कानाला जड जातं, कुणीतरी आमच्या भाषेत सांगा. मिंडा म्हणाली, जोव्हेलिनला सांगा. मी हट्ट धरला की मिंडाच सांगणार, माझ्या मनातलं तिच्याइतकं कुणाला कळतं? मग ती उठली.

मी एकेक वाक्य वाचलं, तिने सांगितलं. बैलाचं आलं तेव्हा बोयेत स्वतःच पोट धरून हसला. बहिणींनी एकमेकींना कोपर मारलं. मग चौथं पान. मी ठणकावून वाचलं: ‘चौथी गायिका, उर्फ फुटकं भांडं. देवाने हिला गळा दिला तो बहुधा गिळण्यासाठी. हिच्या घरच्यांनी हिला आजवर आवरलं कसं नाही?’

मिंडा थांबली. पदरचं काही न घालता शब्दन् शब्द सांगितला. कुणी हसलं नाही. बोयेत जमिनीकडे बघत बसला. वाक्य लागलं होतं, स्पष्ट दिसत होतं. मानांग क्रेसिंग काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणते?

‘म्हणते, त्या बाईला फार वाईट वाटेल.’

मी म्हटलं, वाटू दे. पोचव तिच्यापर्यंत.

‘पोचलं,’ मिंडा म्हणाली.

करार झाला. सहा महिने त्या दुकानात एक ते चार गाणं बंद. सही, शिक्का. पूर्ण विजय!

२२ सप्टेंबर, मंगळवार. ३.००
शांतता. झोप लागली नाही. फार दिवसांनी शांत असलं की असं होतं.

मिंडा नोव्हेनाला गेली नाही. संपली म्हणे. जेवायला सुका मासा वाढला, सोबत व्हिनेगर नाही. मागितलं तर म्हणाली, ‘हो सर.’ भाषांतराचा शीण असणार. पण ‘सर’?

२४ सप्टेंबर, गुरुवार
‘हो सर’, ‘नाही सर’. दोन दिवसांत हेच चार शब्द. निळा झगा अर्धा शिवलेला, शिलाई मशीनवर पडून. म्हटलं, सत्कार चार दिवसांवर आलाय, बाही कधी लावणार? तिने झगा घडी करून ट्रंकेत टाकला. आता माझाही संताप झाला आहे. मी जिंकलो हा काय माझा गुन्हा?

२६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११.००
जोव्हेलिन यादी घेऊन आली. विचारत होती, मिंडाने गाण्याच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलं आहे, तर पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवायची की नाही. ती खुर्ची स्पर्धकांच्या नवऱ्यांसाठी असते.

मला शंका होतीच.

११.२०
नव्हती.

११.४०
सगळ्यांना माहीत होतं. अख्ख्या गल्लीला! पंचवीस वर्षांनी एक बाई माइक हातात धरते, रोज खपून तालीम करते, आणि एकालाही मला सांगावंसं वाटू नये? बाहेर जाऊन बोयेतवर ओरडलो की तू का नाही बोललास. तो म्हणाला, ‘सर, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनच बोलताय.’

असं वाटलं त्यांना. सगळ्यांना.

२८ सप्टेंबर, सोमवार
गेलो. सहाला बसलो, आठ चाळीसला सुरू झालं. खुर्चीवर माझं नाव होतं. सहा नंबरनंतर थेट आठ नंबर पुकारला. आजूबाजूचे नवरे उठून शिट्ट्या मारत होते. मी भाषणाचे कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. अठरा मिनिटांचे.

३० सप्टेंबर, बुधवार
क्षमा मागितली. नीट, मुद्देसूद, तीन भागांत. ‘हो सर.’ स्वयंपाकघरात गायलीस तरी चालेल म्हटलं. ती ताट घेऊन बाहेर गेली. ‘चालेल’ हा शब्द चुकला बहुतेक.

३ ऑक्टोबर, शनिवार. २.१०
मानांग क्रेसिंगकडे गेलो. म्हटलं, मशीन लावा, तिला बोलवा. तिने भिंतीवरचा करार दाखवला. ‘सही तुमचीच आहे ना, सर?’ मग चारनंतर बोलवा म्हटलं. म्हणाली, चारनंतर रोजच बोलावते, येत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संताप नुसता! कुणावर करायचा तेवढं ठरत नाही.

करार पुन्हा वाचला. तो दुकानावर बंधनकारक आहे. तक्रारदाराने गायचं नाही असं कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार
दुकानात गेलो, मशीनमध्ये स्वतः नाणं टाकलं आणि मी गायलो. २.१०, २.१७, २.२५. तेच गाणं, बोटीचं. आमची खिडकी समोरच आहे. मशीन बोयेतला नव्वद देतं, मला अडतीस. मशीन बिघडलं आहे. खिडकी बंद झाली नाही, उघडलीही नाही.

तिसरी ओळ फार वर जाते. तिथे कुणाचाही आवाज फुटेल.

७ ऑक्टोबर, बुधवार
पुन्हा तीनदा. बोयेतने माइक कसा धरायचा दाखवलं. बेचाळीस. ज्येष्ठांपैकी दोघे येऊन बसले, कानावर हात ठेवून. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, बंद करा. छान इंग्रजी आहे त्यांचं.

८ ऑक्टोबर, गुरुवार. ३.३०
जोव्हेलिन समन्स देऊन गेली. माझ्याविरुद्ध तक्रार, करारभंग आणि उपद्रव. तक्रारदार: लुझविमिंडा नॉरिस.

चार पानं. तारीखवार, वेळेसकट, शेवटी तक्ता. भाषा सरळ चोरलेली. ‘देवाने याला गळा दिला तो बहुधा गिळण्यासाठी.’ माझंच वाक्य! तक्त्यात मंगळवार: तिसऱ्या ओळीत तिन्ही वेळा फुटला. बुधवार: दोनदाच फुटला. शेरा: ओळीच्या आधी श्वास घेत नाही, हे याला कुणीतरी सांगायला हवं.

म्हणजे खिडकीमागे होती. तिन्ही वेळा, दोन्ही दिवस.

जोव्हेलिन म्हणाली, नियम तुम्हाला माहीतच आहे, समोरासमोर बसून दोघांनी बोलायचं. ‘हो सर’वर भागणार नाही, तिलाही सांगितलंय. दुभाषी मिळणार नाही.

सोमवारी नऊला. शर्ट स्वतः इस्त्री केला, कॉलर जळली. आठलाच जाऊन बसतो.