टेबलावरचा टर्बो

अहो,

उठलात की आधी जेवणाच्या टेबलावरचा टर्बोचार्जर उचला. आईंना अकराला हॉस्पिटलमधून सोडणार आहेत. गाडीचं इंजिन उघडंच पडलंय, म्हणून मी टॅक्सीने निघाले.

डॉक्टरांनी आईंचा गुडघा बदलून चार दिवसांत चालता केला. चार सिलिंडरच्या आपल्या गरीब गाडीला टर्बो बसवून तिची वाऱ्याशी शर्यत लावायचं तुमचं काम पाचव्या महिन्यात आहे, आणि ती फाटकापर्यंतही जात नाही.

काल आईंनी विचारलं, "तो येतोय ना गं?" मी हो म्हटलं.

तुम्हीच सांगता, ॲक्सिलरेटर दाबला तरी टर्बोचा जोर जरा उशिराच येतो. मी एकोणीस वर्षं दाबूनच बसले आहे. पण आईंना जिना चढवायला दोघं लागतील. बाराला खाली या. हात धुऊन या.