रुपालीच्या सायकलीला इंजिन

३ फेब्रुवारी, दुपारी
पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं ते बरंच केलं. कॉलेजात असतो तर आज रुपाली सायकल घेऊन दुकानात आली तेव्हा मी नसतो. चेन उतरते, घट्ट करून दे म्हणाली. दुकान तुळशीरामकाकांचं, पण सांगितलं मला. समजणाऱ्याला समजते.
१९ ला बुलडाण्यात तिचं पोलीस भरतीचं ग्राउंड. रोज सायकल मारत नांदुऱ्याला पळायला जाते. यंदा भरतीत निघाली नाही तर लग्न, असं तिच्या बापाने सांगून ठेवलंय. म्हणजे निघायलाच पाहिजे. मला सेट व्हायला वर्षभर लागेल.
चेन कोणीही घट्ट करेल. मी इंजिन बसवणार. सायकल मारून पाय थकवायचे नाहीत.

६ फेब्रुवारी
मामाच्या जुन्या फवारणी पंपाचं इंजिन. चालू झालं. क्लॅम्पला जागा नव्हती, म्हणून मागचा ब्रेक काढला. तुळशीरामकाका म्हणे, थांबायचं आधी पाहा. मी म्हटलं, तुम्ही जन्मभर पंक्चर काढले, तुम्हाला काय समजते. पाना फेकला. भिंतीवर, त्यांच्यावर नाही. उद्यापासून रागावर कंट्रोल.

८ फेब्रुवारी
रुपाली दोनदा येऊन गेली. चेन मागवली आहे असं सांगितलं. पाच दिवस प्रॅक्टिस बुडाली म्हणून बोलली मला. हक्काच्या माणसालाच कोणी बोलते.

११ फेब्रुवारी
सायकल दिली. इंजिन पाहून दोनदा डोळे चोळले. आनंदाने होते असं. मग म्हणाली, "म्या फक्त चेन सांगितली होती बे."
बे! परक्याला कोणी बे म्हणत नाही.
ब्रेकचं सांगायचं राहिलं. समोरचा आहे. जरासा ढिला.

१२ फेब्रुवारी
पुलाच्या उतारावर म्हैस आडवी आली. रुपाली पडली. घोटा गेला. प्लास्टर.
म्हैस भगवानरावची. रस्त्यावर सोडतोच काऊन?
फोन स्विच ऑफ. माझा.

१३ फेब्रुवारी
भगवानरावच्या घरी भांडायला गेलो. तो आधी पोरीच्या पायाचं विचारत बसला. मग विचारलं, ब्रेक नोता काय? माझा आवाज मोठा झाला. काय बोललो आठवत नाही.

१९ फेब्रुवारी
आज ग्राउंड होतं. हिंमत करून तिच्या घरी गेलो. ती बाजेवर, पाय उशीवर. फोनवर मैत्रिणींचे टायमिंग येऊन राह्यले होते. एकेक वाचत होती.
मान वर न करता म्हणाली, "मागचा ब्रेक कोनं काढला?"
म्हैस, उतार, तिची स्पीड, सगळं तोंडात तयार होतं.
"म्या," म्हटलं.
"मले सांगितलं काऊन नाही?"
मी बाजेची सुटलेली दोरी गुंडाळू लागलो. ती फोनमध्येच पाहत म्हणाली, "रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. अकोल्याचे."
तिच्या आईने, सिंधूताईने, चहा आणून दिला. प्यालो. उठून जावं की बसावं ते कळेना. कप रिकामा पाहून सिंधूताईने अजून ओतला. तोही प्यालो.