सूर्याच्या आधीची सासुरवाडी

९ जुलै

पुण्याहून संपादकांचा फोन – "त्या नामशेष जमातीवरचा लेख कुठवर आला?" नामशेष जमात त्या वेळी चुलीपाशी उभी राहून माझ्यावर ओरडत होती. मी पाणी आणलं नव्हतं!

पंधरा-अठरा वर्षांपूर्वी ऊरू लोकांवर एक लेख लिहायला बोलिव्हियाच्या या पठारावर आलो. लेख झाला नाही, लग्न झालं. सेवेरिना अधूनमधून विचारते, "आम्ही संपलो की नाही, ठरलं का तुझं?" अभ्यास चालू आहे, म्हणतो.

१२ जुलै

मेहुणा अबदोन आला. यंदा गावचा मुखिया तोच. गावचं सरोवर आटलं त्याला आता इतकी वर्षं झाली, की होड्यांत कोंबड्या अंडी घालतात. मासे गेले, तरणी पोरं मिठागरांत पांगली. वरच्या गावचे ऐमारा शेतकरी जमीन द्यायला तयार आहेत, विहिरीचं पाणीही. वाद एवढाच – ऊरू इथले मूळचे ठरले, तर जमीन हक्काची. उपरे ठरले, तर मेहरबानीची. म्हणजे त्यांच्यात मिसळायचं, त्यांचा पोशाख घालायचा, त्यांचा डोंगर पुजायचा आणि सरोवराकडे पाठ फिरवायची.

"दाजी, रविवारी बैठक आहे. तुम्ही बोला. एवढी पुस्तकं कुरतडलीत, एकदा तरी उपयोगी पडा!"

१३ जुलै

पुरावे गोळा करायला तोमासामावशीकडे. सेवेरिनाची मावशी, गावात सगळ्यांत जुनी.

"कुठून आलो म्हणजे? आम्ही होतोच. सूर्य मागाहून आला. आधी सगळं चांदण्यातच चालायचं. तो उगवला नि बाकीचे करपले. आम्ही पाण्यात होतो, म्हणून वाचलो."

"पुरावा काय, मावशी?"

"समोर बसलेय ना मी! करपलेली दिसते का?"

पुस्तकांत मात्र सात मतं. मला सातही पटतात. जन्मभराची अडचण हीच.

१५ जुलै

भाषणाची तालीम. ऐकायला एक मेंढी होती. तीही उठून गेली.

१७ जुलै

लिहूच नये. पण लिहितो.

पाठशाळेत शास्त्रीबुवांनी शिकवलेलं – आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमणार नाही इतकं भक्कम मांडायचं, मग खोडायचं. मांडलं! ऊरू किनाऱ्याकडून आले असतील, फार उशिरा आले असतील, हल्ली बोलतात ती भाषाही ऐमारांचीच... काय भक्कम मांडलं! वरच्या गावचे पुढारी इलारियोनबाबा माना डोलावत होते. शेवटी टाळ्या. मला वाटलं, वक्तृत्वाला.

घसा खाकरून "आता याचं खंडन" म्हणतोय, तोवर मंडळी उठलीसुद्धा. इलारियोनबाबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "जावईबुवा, तुम्ही शंभर नंबरी माणूस! घरच्यानंच कबूल केलं, आता वाद कसला? चला, सूप निवतंय."

सूप चांगलं होतं. मी दोनदा घेतलं. खंडन खिशातच.

परतताना अबदोन म्हणाला, "दाजी, एक विचारू? तुम्ही कुणाच्या बाजूनं बोललात?"

१८ जुलै

सेवेरिना वाढते, पण बोलत नाही. सुपात बटाटा नाही.

२२ जुलै

अबदोननं होकार कळवला – मेहरबानीची तर मेहरबानीची. मी म्हटलं, पुन्हा एक बैठक मागू, माझं उत्तर तयार आहे...

"बसा खाली, दाजी. आपण इथं कधी आलो, असं पोरं विचारत नाहीत. जेवायला काय आहे, विचारतात."

वरच्या गावाचा लाल पोंचो, डोक्यातून घालायची घोंगडी, चढवून बघत होता. आखूड झाला होता. "सूर्याच्या आधीपासून इथं, आणि आता त्यांच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या मागं, नवे म्हणून!" पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. मला!

२८ जुलै

आमच्या गावच्या बैठकीत मावशीनं सगळ्यांना अडवलं. "ऑगस्ट लागला की सरोवराला पानं कोण देणार?"

पाणी नसलं तरी तळ आहे. तिथं वर्षातून एकदा कोकाची पानं ठेवायची, दारूचा घोट ओतायचा आणि सरोवराला, म्हणजे ऊरूंच्या आईला, सांगायचं की लेकरं अजून आहेत. पण जमीन घेतलेल्यानं तिथं पाऊल टाकायचं नाही, ही वरच्या गावची अट. आणि जमीन सगळ्यांनीच घेतलीय. मावशीनंही, नातवंडांसाठी.

"कुणीच गेलं नाही, तर तिला वाटेल, हेही करपले."

सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. मीही. ही वेळ कुणी आणली, ते मला माहीत आहे.

१ ऑगस्ट

परदेशी म्हणून जमीन न मिळालेला गावात एकच निघाला. माझं नाव सेवेरिनानं सुचवलं. माझ्या त्या भाषणानंतर तिचं हे पहिलं वाक्य – "हा जाईल."

"मी? अगं, कुठल्या भाषेत बोलू तिच्याशी?"

"तुझ्या. आम्ही बोलतो ती तरी कुठं तिची आहे?"

गेलो. पांढऱ्याफटक तळावर पानं ठेवली, घोट ओतला आणि मराठीत सांगितलं – आई, आम्ही आहोत.