शेवंतीची दहा पावलं

बुवापाडा, अंबरनाथ
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. गोदूताईस,
अनंताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू येतं, म्हणून पत्रच बरं. दुधाच्या टेम्पोवाल्या धर्मराजच्या हाती देतोय.

काल आपल्या शेवंतीने घराण्याचं नाव काढलं. कॅम्प तीनमध्ये सिंधी घरची वरात होती. गंगीचा गुडघा सुजलाय, डॉक्टरांनी तिला डांबरी रस्ता कायमचा बंद केलाय, म्हणून शेवंतीला पहिल्यांदाच एकटीला नेलं. जीन्सच्या दुकानांच्या गल्लीपर्यंत बाई नीट चालल्या. मग लक्षात आलं, शेजारी गंगी नाही. खिंकाळली, वळली आणि नवरदेवासकट अंबरनाथच्या रस्त्याला लागली. नवरदेव हितेश वरून ओरडत होता की हॉल मागे राहिला. बँडवाले इमानदार, वाजवत मागे धावले. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाचा विचार बदलला.

पुन्हा असं झालं तर तिला कुणी वरातीत उभी करणार नाही, आणि मग विकण्यावाचून इलाज नाही. गंगीला तर तुझ्या शेतात मऊ मातीवर पाठवायलाच हवं. पण या दोघी सात वर्षं एका दावणीला आहेत, त्यांना वेगळं करू कसं? आज सकाळी शेवंतीला दुसऱ्या शेडमध्ये कोंडून पाहिलं. आता ती शेड बिनदाराची आहे.

तुझा लोभ आहेच, तो जरा कामाला लाव.
तुझा,
अनंता


बदलापूर गाव
२० नोव्हेंबर २०२४

चि. अनंता यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. तीस वर्षं घोडी पाळणाऱ्या माणसाने घाबरलेल्या जनावराला कोंडून ठेवायचं, ही अक्कल तुला कुठे मिळाली ते कळव. तिथे जाऊन मी नारळ फोडीन.

आबा हे कसं करायचे ते तू पाहिलं नसशील, कारण तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर झोपलेला असायचास. शेवंतीला गंगीपासून दहा पावलं लांब ने. तिथे हिरवा घास घाल. ती मान वर करून शोधायला लागायच्या आत परत आण. ओरडल्यावर आणशील तर ओरडलं की गंगी मिळते, एवढंच ती शिकेल. उद्या बारा पावलं, परवा पंधरा. मग भिंतीआड, मग रस्त्यावर. लांब गेलं तरी परत येता येतं, हे तिच्या डोक्यात शिरायला हवं. दोन-तीन आठवडे जातील.

इतकी सबुरी नसेल तर पुढच्या नवरदेवाला गंगीसारखं शेपूट लाव आणि पुढे चालव.

तुझ्याशी संसार करणाऱ्या नूतनला आशीर्वाद. तिची मला खरंच काळजी वाटते.
तुझी,
गोदूताई


बुवापाडा, अंबरनाथ
१५ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी गंगीला तुझ्याकडे सोडलं तेव्हा तू एवढे टोमणे मारत होतीस की शेवंतीच्या शाळेची हकिगत सांगायची राहूनच गेली.

पहिले आठ दिवस आम्ही दहाव्या पावलावरच होतो. अकराव्याला शेवंती माझ्याकडे अशी बघायची की मीच मागे वळायचो. नूतन म्हणाली, घोडी शिकेल, पण हा माणूस शिकायचा नाही. तिने दोरी हातात घेतली आणि मला रोज संध्याकाळी शिवमंदिराकडे पाठवून दिलं. तिथल्या दुकानदारांना वाटतंय, माझं देवधर्मात मन लागलंय.

पण ताई, जमलं! काल शेवंती कॅम्प तीनमध्ये भर गर्दीत एकटी चालली. फटाके झाले, बँड झाला, वरातीतल्या एका काकांनी तिच्यासमोर लोळून नाच केला. बाईंनी त्यांना ओलांडून पुढचं पाऊल टाकलं. आता विकायचं नाव नको. तुझ्या विद्येला माझा दंडवत, तुझ्या जिभेला लांबूनच.

गंगी मजेत असेलच. ती मुळातच शहाणी.
लोभ वाढवू नकोस, आहे तोच झेपत नाही.
तुझा,
अनंता


बदलापूर गाव
१७ डिसेंबर २०२४

चि. अनंता यास अनेक आशीर्वाद.

शेवंतीबाईंचं अभिनंदन. सगळा आनंदीआनंद आहे. फक्त गंगीने आठ दिवसांत पोटभर काही खाल्लेलं नाही.

गुडघ्याची सूज उतरलीय. माती मऊ आहे, कण्या आणि गूळ समोर आहे, मी हाताने भरवतेय. सासूचंही मी एवढं केलं नव्हतं. पण ती फाटकाशी उभी राहते, तोंड अंबरनाथच्या रस्त्याकडे. ओरडत नाही, लाथा झाडत नाही. त्यामुळे मलाही आधी वाटलं, शहाणी आहे, रुळली. काल अंगावरून हात फिरवला तर बरगड्या लागल्या.

जी ओरडत होती तिला आपण तीन आठवडे शिकवलं. जी गप्प होती तिचा विचारच केला नाही. यात तुझा दोष नाही, शिकवणारी मी होते. आणि निदान मला तरी हे कळायला हवं होतं. आई गेली तेव्हा तू इतका रडलास की अख्खं गाव तुला मांडीवर घेऊन बसलं. मी चौदा वर्षांची, तेरा दिवस चुलीपुढे होते. गोदू खंबीर आहे, असं म्हणत सगळे जेवून गेले. मला कुणी विचारलं नाही, आणि पुढे मीही कुणाला सांगितलं नाही. आज गंगीच्या गळ्यात पडून खूप रडले. या वयात शोभत नाही.

काय करायचं ते ठरव. पण लवकर ठरव.
तुझी,
ताई


बुवापाडा, अंबरनाथ
१८ डिसेंबर २०२४, सकाळ

ती. स्व. ताईस,
सा. न.

तुझं पत्र अर्ध्यावरून पुढे मला वाचता येईना. उरलेलं नूतनने वाचून दाखवलं.

शेवंतीला घेऊन आम्ही पायीच निघतोय, दुपारपर्यंत पोचू. धर्मराज त्याआधी हे पत्र तुला देईल. शेवंती आता एकटी जायला शिकलीय. वरात असेल तेव्हा टेम्पोतून न्यायची, वरात उरकली की तुझ्याकडे गंगीपाशी आणून सोडायची. राहायचं तिथेच. गंगीला फाटकावरून हलवू नकोस, तिथूनच तिला आम्ही दिसू.

ताई, आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पण त्यानंतरची पन्नास वर्षंही मी होतोच की. एकदाही विचारलं नाही.

आज चूल पेटवू नकोस. नूतनने डबा घेतलाय. तू आधी जेवायला बस, आम्ही वाढू.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.
तुझा,
अनंता