पहिल्यासारखं करा

११ ऑक्टोबर २०१७, बुधवार

अब्रारनं माझं पान चोरलं.

दुपारी केंद्रात कुणी नव्हतं म्हणून त्याच्या कंपनीचा व्हिडिओ लावला. पुण्यातला मोठा हॉल. माझा मामेभाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर, अन् त्याच्या मागं पडद्यावर माझं पान. तसंच्या तसं.

त्याची कंपनी ‘चौकट’ नावाचा ब्राउझर बनवते. मराठीत आहे म्हणून मी माझ्या नेट केंद्रात तोच ठेवलाय. पण त्याचं ‘प्रगत सेटिंग’चं पान म्हणजे जंगल. एकाखाली एक बासष्ट ओळी. कॅमेरा एक्केचाळिसावा. कुठल्याही फॉर्मवर फोटो काढायचा तर तिथून कॅमेरा चालू करावा लागतो, अन् ती ओळ सापडेस्तोवर मागची रांग शिव्या घालते. म्हणून उन्हाळ्यात मीच ते पान नव्यानं मांडलं. कपाशीच्या बियाण्याच्या पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर, स्केचपेननं. बासष्ट ओळींचे पाच डबे केले. रांगेतल्या माणसांपुढे कागद ठेवायचा, ‘कॅमेरा कुठं असेल, बोट ठेवा’ म्हणायचं, अन् गप्प बसायचं. जिथं बोट चुकलं तिथं कागद बदलायचा. अकरा कागद झाले.

बकरीदेला अब्रार दोन दिवस आमच्याकडं होता. कागद पाहिले. म्हणाला, ‘बढिया है फरहाना.’ फोटो काढले. मला वाटलं, कौतुकानं काढतोय.

अन् आज स्टेजवरून म्हणतो — ‘मी यवतमाळच्या खेड्यांत दोन महिने लोकांमध्ये बसलो.’

दोन दिवस होता. दोन्ही दिवस झोपला होता.

१२ ऑक्टोबर

फोन केला. आधी हसला. मग म्हणाला, ‘इतना क्या गुस्सा? कागज ही तो था. उसपे तेरा नाम कहाँ लिखा था?’

१३ ऑक्टोबर

नव्हतं लिहिलं. आपल्याच दुकानातल्या कागदावर कोण नाव लिहितं?

२९ ऑक्टोबर, रविवार

तो व्हिडिओ आज नवव्यांदा पाहिला. अन् सापडलं.

त्यानं एक गोष्ट बदललीय. ‘पहिल्यासारखं करा’ हे बटण. ते दाबलं की ब्राउझर कोरा होतो. साठवलेले पासवर्ड, अर्धे भरलेले फॉर्म, सगळं जातं. माझ्या पहिल्या कागदावर ते वरच होतं, कॅमेऱ्याच्या शेजारी. तेव्हा तांड्यावरच्या मोतीबाईनं बोट नेमकं त्यावरच ठेवलं होतं. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, ‘मंघाशी चालू होतं ना बाई, आता बंद पडलं. मंग पह्यल्यासारखं करा म्हनलं की होईन चालू.’

बरोबरच होतं तिचं. त्या दिवशी मी ते बटण उचलून अगदी तळाला नेलं, वेगळ्या डब्यात, अन् दाबल्यावर दोनदा विचारायचं असं लिहिलं.

अब्रारनं ते पुन्हा वर आणलंय. कॅमेऱ्याच्या बाजूला. मोठं, निळं. कागद चोरता आला, मोतीबाईचं बोट कुठून चोरणार?

त्याला एक फोन केला तर तो बदलेल. पान अजून लोकांपर्यंत गेलेलं नाही.

नाही करणार.

८ नोव्हेंबर

वणीहून मामू आले होते. अब्रारचा सत्कार ठरलाय, सव्वीस जानेवारीला, वणीच्या हॉलमध्ये. कोळसा खाणीवरचे साहेब येणार, शाळेचे मास्तर येणार. मामूंनी अब्बांना दोनदा सांगितलं, ‘युनूसभाई, पूरे खानदान को लेके आना.’

मी चहा नेऊन दिला अन् म्हटलं, नक्की येऊ मामू.

येणारच आहे. तोवर त्याचं पान सगळीकडं पोचलेलं असेल. त्या हॉलमध्ये उभी राहीन अन् त्याच्याच पडद्यावर दाखवीन, की याला स्वतःच्या पानावरचं बटण कळत नाही. मग अकरा कागद काढीन. आधी हे, मग ते. उलटं केलं तर लोक म्हणतील जळते.

२ डिसेंबर, शनिवार

केंद्र भरलेलं. बोंडअळीनं सगळ्यांचीच कपाशी खाल्ली. जो येतो तो हिरवं बोंड खिशातून काढून फोडून दाखवतो, जसं काही मीच पंचनामा करणार आहे.

मोतीबाईची सून पुष्पा आली होती. नवरा शाम सोबत, तिच्या खांद्यावर हात ठेवून. सप्टेंबरात फवारताना औषध डोळ्यांत गेलं त्याच्या. उजवा गेलाच. डाव्यानं माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. नागपूरची एक संस्था अशा चाळीस जणांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करणार आहे. अर्ज फक्त ऑनलाइन, सतरा जानेवारीच्या संध्याकाळी पाचपर्यंत.

शाम म्हणाला, ‘डाव्याचं झालं तरी लय झालं ताई. पोरीचं तोंड पाह्यता आलं पाह्यजे.’ पोरगी चार महिन्यांची आहे.

अर्ज बारा पानांचा. सात भरून ठेवली. दवाखान्याचा कागद अजून मिळायचाय. भरलेलं ब्राउझरमध्येच राहतं, पुढच्या वेळी तिथून सुरू करता येतं.

२२ डिसेंबर

नवीन ‘चौकट’ आली. लगेच घेतली.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर आधी दाबून पाहिलं ते निळं बटण. एका क्षणात सगळं कोरं. ‘नक्की का?’ एवढंसुद्धा विचारलं नाही. मी एकटीच खोलीत हसले. अम्मी आत आली, मागून अब्बाही डोकावले. अम्मी म्हणाली, ‘क्या हुआ?’ म्हटलं, काही नाही, ईद आली.

४ जानेवारी २०१८

माझं बोट चालणार नाही. लोक म्हणतील मुद्दाम दाबलं. खऱ्या माणसाचं बोट पाहिजे, ज्याला काही माहीत नाही असं. चार दिवसांपासून काउंटरवर फोन उभा करून व्हिडिओ चालू ठेवते. येईल त्याला म्हणते, तुम्हीच करा, मी मध्ये बोलणार नाही.

काल तिघं बसले. तिघांनाही कॅमेरा नीट सापडला. माझेच डबे आहेत, सापडणारच. इतका राग आला.

१७ जानेवारी, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

पुष्पा तीनला आली. दवाखान्याचा कागद अखेर मिळाला होता. उरलेली पानं मी भरली. फक्त तिचा, म्हणजे अर्ज आणणाऱ्याचा, फोटो राहिला. कॅमेरा बंद. मी खुर्ची तिच्याकडं सरकवली. म्हटलं, तुम्हीच शोधा. फोन समोर चालू होता.

ती पानावर गेली. माउस दोन्ही हातांनी धरला होता. निळ्या बटणावर थांबली. मी काहीच बोलले नाही. नियमच आहे माझा.

दाबलं तिनं.

बारा पानं गेली. पासवर्ड गेला. पुन्हा आत जायचं तर शामच्या मोबाइलवर येणारा नंबर पाहिजे, अन् शाम तांड्यावर, तिथं टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. पुष्पानं सोळा फोन लावले. मी अब्बांना गॅरेजमधून बोलावलं, हातातलं इंजिन सोडून ते मोटरसायकलवर तांड्याकडं गेले. शामला मागं बसवून टेकडीवर नेलं. नंबर आला तेव्हा चार बावन्न झाले होते. सहावं पान भरताना पाच वाजले. पान आपोआप बंद झालं.

पुष्पा म्हणाली, ‘माह्याच हातानं झालं.’ एवढंच. रडली नाही.

व्हिडिओ पूर्ण आलाय.

१८ जानेवारी

संस्थेला फोन केला. बाई भल्या होत्या, पण यादी बंद झाली. पुढचं शिबिर पुढच्या हिवाळ्यात. डॉक्टर शामला म्हणालेत, डावा डोळा तोवर थांबेलच असं नाही.

हे अब्रारनं केलं. त्याच्या निळ्या बटणानं केलं. आता सत्कारात नुसती लाज नाही काढायची. शामला घेऊन जाईन. स्टेजवर उभा करीन. बघ म्हणेन, हा माणूस.

२१ जानेवारी, रविवार

पुष्पा ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन आली. चांगल्या दोन पायल्या. म्हटलं, कायले? तर म्हणते, ‘अब्बा किती धावले आमच्यासाठी. तुमी तं धा खेपा बसल्या. मीच येडी.’

मी तिला म्हटलं, बटण चुकीच्या जागी आहे, तुमची चूक नाही. ती म्हणाली, ‘तुमाले ठाऊक होतं का मंग?’

तिनं सहज विचारलं होतं. शेंगा पातेल्यात ओततच विचारलं.

मी म्हटलं, आत्ता कळलं.

अब्बा दारात तेलाचे हात पुसत उभे होते. ऐकलं त्यांनी. जेवताना म्हणाले, ‘वो लॅपटॉप पे तू उस दिन हंस रही थी.’ मी उठून भांडी घासायला गेले.

२५ जानेवारी

उद्या वणी. व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये घेतला. अकरा कागद गुंडाळी करून पिशवीत. हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे, मामूंना विचारून घेतलं. शाम येत नाही म्हणाला. ‘त्या पोराले कायले लाजवता ताई, त्यानं का मुद्दाम केलं?’

तो नाही आला तरी चालेल. व्हिडिओ पुरे आहे. अजून आवाज लावून पाहिलेला नाही, केंद्रात सारखं कुणी ना कुणी असतं. पण चेहरा स्पष्ट आलाय. बोटही.

२६ जानेवारी

सत्कार झाला. मी शेवटच्या रांगेत बसून होते. पेन ड्राइव्ह दिला नाही.

सकाळी निघायच्या आधी व्हिडिओ आवाज लावून पाहिला. पुष्पा निळ्या बटणापाशी थांबते. मान वळवून माझ्याकडं बघते. ‘ताई, हे दाबू का?’

मी म्हणते, ‘दाबा ना.’ किती गोड आवाजात म्हणते.