बाबांचा शेवटचा जुदास

सोमवार, १५ एप्रिल
बाबांनी आज मागितलाच. संग्रहालयातला जुदास परत हवाय — ईस्टरच्या आदल्या शनिवारी उडवायला! येशूला दगा देणाऱ्या जुदासचा हा शिंगांचा कागदी पुतळा, त्यांच्या हातचा शेवटचा. मग त्यांचे डोळे गेले. तो संग्रहालयात जिन्याखाली काचेत मीच नेऊन उभा केला; तिथेच कामाला आहे, रोज काच पुसते.
"जुदास फटाके बांधून उडवायलाच करतात, पोरी. काचेत ठेवलास तर बाहुली झाली ती."
मला तो द्यायचा नाही. बाबा गेल्यावर माझ्याजवळ काय उरणार?

मंगळवार, १६ एप्रिल
संग्रहालयाच्या ओतिलियाबाईंना विचारलं, नाही म्हणतील या आशेने. "पुतळा तुझ्या वडिलांचा, आपल्याकडे नुसता ठेवायला दिलाय. ने की!" संग्रहालयाच्या एवढ्या मोठ्या जुन्या हवेलीत माझ्या बाजूने कोणी नाही.

गुरुवार, १८ एप्रिल
असा फाटका कसा पाठवू? पाठीला कसर लागलेली, आतल्या सांगाड्याच्या बोरूच्या काड्या उघड्या. खळ शिजवली, कागद लावला. वर आणखी थर. मग आणखी. रडत होते आणि लावत होते.

शनिवार, २० एप्रिल
गल्लीत दोरीवर टांगला. बाबा दारात खुर्चीवर. वात पेटली, दणादण बार उडाले, धूर विरला — आणि जुदास जागच्या जागी! शिंगंसुद्धा शाबूत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात समोरचे फाउस्तिनोकाका बाबांना ओरडून म्हणाले, "फुटला हो, हिलारिओदादा! पार चिंध्या झाल्या!" अख्खी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. बाबा हसले. मला भरून आलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

रविवार, २१ एप्रिल
जेवताना बाबा म्हणाले, "गल्ली गोड आहे आपली. पण फुटल्याचा आवाज मला कळत नाही होय? आण त्याला."
आणला. पाठीवरून त्यांनी बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.
"हा हात माझा नाही. कोणी लावला कागद?"
"मी."
त्यांनी नखाने एक कड चाचपली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.
"कडा कशा बेमालूम बसल्यात. फक्त घट्ट फार. फुटायचं असेल त्याला हलका कागद लावायचा. तुला शिकवायचंच राहिलं बघ."

सोमवार, २२ एप्रिल
बाबांनी बोरू चिरायला बसवलं. माझा पहिला जुदास. देवा, पुढच्या वर्षी तो फुटू दे — आणि बाबांना ऐकू येऊ दे.