नकाशात नसलेलं घर

बाबा,

तुमची सून सकाळीच विचुंब्याला गेली आहे. इस्त्रीचा शर्ट घालून बसू नका, आज घराचं टोकन द्यायचं नाही.

काल दीपेशभाऊंनी त्यांच्या विकायच्या घराचे कागद दिले, ते ती वाचत बसली. मंजूर नकाशात तुमच्यासाठी बघितलेलं ते तळमजल्याचं घर काही तिला सापडेना. नकाशा फिरवून फिरवून पाहिला. तिथे नुसतं पार्किंग आहे. बिल्डरने मागाहून भिंती घालून घर केलंय. दीपेशभाऊ फोनवर म्हणाले, "वहिनी, आम्ही एवढी वर्षं राहतोय, कोण विचारतंय?" माणूस वाईट नाही. पण उद्या कोणी विचारलंच, तर तुम्हाला घेऊन आम्ही जायचं कुठे? म्हणून सून कागद परत करून, समोर बसून नाही म्हणायला गेली आहे.

पेजेत मीठ घातलंय. वरून घालू नका.

इथून पुढे सून-सून म्हणून लिहवत नाही.

बाबा, तुमच्या लेकाच्या, निनादच्या फोनवर त्या घराची एकुलती एक पायरी बघून तुम्ही म्हणालात, "ही तर मी नाचत चढेन." तसं घर मी शोधीनच. पण तोवर हे चार जिने तुमच्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत, आणि खुर्चीत बसवून खाली नेतो म्हटलं की तुमचं ठरलेलं, "मला चौघांनी उचलायचं ते एकदाच."

आज संध्याकाळी निनाद, शेजारचा प्रणित आणि मी आहोत. तिघंच.

शर्ट तेव्हा घाला.

रेवा